जुन्या गिटारीवर ट्रेमोलो: भोकं पाडू की नको?

सैलतार
मंडळी, जरा मदत हवी आहे. माझ्याकडे गिब्सनच्या लेस पॉल घडणीची एक जुनी इलेक्ट्रिक गिटार आहे. वरचं लाकूड मेपलचं, मधे फुगीर. ब्रिज (तारा ज्यावर टेकतात तो) ट्यून-ओ-मॅटिक, मागे साधा स्टॉप टेलपीस, म्हणजे तारांची टोकं धरणारी स्थिर पट्टी. आवाजाबद्दल काहीच तक्रार नाही, पण ड्युएन एडी आणि चेट ॲटकिन्स हे गिटारवादक ऐकून ऐकून उजवा हात आता नसलेला दांडा चाचपत असतो. तेव्हा बिगस्बी, म्हणजे दांड्याने तारांचा सूर हेलकावणारा ट्रेमोलो, बसवायचं मनात आहे.

एक मित्र म्हणतो, बिगस्बीचा बी५ मॉडेल घे, चार स्क्रू मारले की झालं काम. दुसरा म्हणतो, बिगस्बी बसवलास की सुराला रामराम ठोक. दोघांनीही स्वतः कधी बसवलेला नाही, पण मतं मात्र ठाम. ड्रिल हातात घेण्याआधी इथे विचारून घ्यावं म्हटलं. कुठला मॉडेल घ्यावा, भोकं कुठे पाडावीत, आणि तो सुरात राहतो का?

रंधा
आधी ड्रिल खाली ठेवा. :-)

पहिला प्रश्न: गिटार मूळ रंगात आहे का? स्टॉप टेलपीसचे खिळे, बुश (लाकडात बसवलेल्या धातूच्या नळ्या), पॉलिश सगळं कारखान्यातून आलं तसंच असेल तर त्या लाकडात नवीन भोक पाडणं हा एकेरी रस्ता आहे. भोक बुजवता येतं, रंग जुळवता येतो, पण जाणकाराला ते दिसतंच आणि गिटारीची किंमत तिथेच घसरते. गिब्सनच्याच ईएस-३३५ मध्ये याचा मजेशीर नमुना सापडतो. काही गिटारींवर कारखान्यातच बिगस्बी लागायचा, पण स्टॉप टेलपीसची भोकं आधीच पाडलेली असायची. मग त्यांवर 'कस्टम मेड' कोरलेली छोटी पट्टी ठोकून द्यायचे. ऐट वाटावी अशी पट्टी, आणि काम काय तर भोकं झाकणं.

दुसरं, तुमच्या मित्राचा बी५ विसरा. बी५ हा सपाट अंगाच्या गिटारीसाठी आहे, गिब्सनच्याच एसजीसारख्या. त्याची चारही स्क्रूंची बैठक सपाट आहे. फुगीर लाकडावर तो थेट ठेवलात तर मधे टेकतो आणि कडांना अधांतरी राहतो. स्क्रू आवळून दाबून बसवला तर एक तर तो हलतो, नाहीतर वरचं पॉलिश तडकतं. लेस पॉलवर कारखान्यातून यायचा तो बी७. तो लांब असतो, मागे बिजागरीसारखी पट्टी थेट शेपटाकडच्या काठावर, पट्ट्याच्या खुंटीपाशी जाते आणि पुढचा भाग वरच्या लाकडाला धरतो.

चौथापट्टा
कशाला एवढा व्याप? फ्लॉइड रोझ ट्रेमोलो लावा, नटला (माथ्यापाशी तारांच्या खाचा असलेल्या पट्टीला) कुलूप घाला, विषय संपला.

रंधा
@चौथापट्टा, संपेल की, गिटारीसकट. फ्लॉइडसाठी बॉडी आरपार कोरावी लागते, नटच्या जागी कुलपाचा नट बसवायला नेकला हात घालावा लागतो. जुन्या फुगीर मेपलवर राउटर चालवायचा सल्ला देणाऱ्याला मी माझ्या गिटारीच्या दहा फुटांत येऊ देत नाही.

शिवाय सैलतार यांना हवं आहे ते वेगळंच. एडीचा तो संथ हेलकावा हवा आहे, तारा लोंबेपर्यंत खाली पाडायच्या नाहीत. बिगस्बीची मजाच ही की तो थोडंसंच करतो.

खरज
सुराच्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही म्हणून लिहिते.

'बिगस्बी सुरात राहत नाही' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, पण दहातल्या नऊ वेळा गुन्हेगार दुसराच निघतो. बिगस्बी म्हणजे एक दंडगोल, त्याला रोलर बेअरिंग, त्यावर सहा खिळे, आणि दांड्याखाली एक जाडजूड स्प्रिंग. यात बिघडण्यासारखं फार काही नाही. तार अडकते ती वाटेत, नटवर नाहीतर सॅडलवर (ब्रिजवरच्या तारेच्या टेकूवर). आणि कुठे अडकली हे तार स्वतःच सांगते, फक्त तिला विचारायचं कसं ते कळायला हवं.

गिटार नीट सुरात लावा. दांडा खाली दाबा आणि सोडा. आता एकेक तार ट्युनरवर तपासा. तार चढलेली असेल तर अडचण नटवर आहे. दांडा दाबला तेव्हा वाजणाऱ्या भागातला ताण उतरला, खुंटीकडच्या तुकड्याने थोडी तार आपल्याकडे ओढून घेतली, आणि परत येताना नटने ती सोडलीच नाही. उलट तार उतरलेली असेल तर सॅडलकडे बघा. दाबताना मागची थोडी तार सॅडलवरून पुढे सरकली होती, ती तिथेच अडकून बसली.

तार बोटाने ओढून, म्हणजे बेंड घेऊन सोडल्यावर उतरत असेल तर तो नटही असू शकतो आणि सॅडलही, दोन्ही शक्य. म्हणून परीक्षा दांड्यानेच घ्यायची, तिथे दोघांचं उत्तर वेगळं येतं.

लेस पॉल घडणीत त्रास देणाऱ्या तारा ठरलेल्या: तिसरी आणि चौथी. तीन-तीन खुंट्यांच्या माथ्यामुळे या दोन तारा नटमधून निघाल्या की बाजूला वळतात आणि खाचेच्या भिंतीला घासतात. ट्युनिंग करताना टिंग् असा आवाज येत असेल तर आणखी पुरावा नको.

सैलतार
खरज ताई, टिंग् येतो! तिसऱ्या तारेला तर हमखास. म्हणजे ट्रेमोलो बसवण्याआधीच माझा नट घोळ घालतोय?

खरज
हो. आणि ट्रेमोलो नसताना तो घोळ झाकला जातो, कारण तुम्ही खुंटी पिरगाळून तार पुन्हा जागेवर आणता.

भिंग घेऊन ती खाच नीट बघा. तार खाचेच्या तळाशी टेकली पाहिजे आणि दोन्ही बाजूंना केसभर मोकळीक हवी, तारेच्या जाडीपेक्षा दोन-तीन हजारांश इंच जास्त. तळाचा उतार खुंटीच्या दिशेने असावा, पण तारेचा शेवटचा स्पर्श फ्रेटबोर्डकडच्या काठावरच झाला पाहिजे. तो स्पर्श मागे सरकला तर मोकळी तार सतारीसारखी झणझणते. आणि माथ्याकडच्या बाजूला, जिथे तार वळते, तिथे खाचेचा कोपरा किंचित गोल करा. नटची कानस नसेल तर हे काम स्वतः करू नका. साध्या कानशीने खाच एकदा खोल गेली की नवीन नटच बसवावा लागतो.

खाच बरोबर असेल तर मऊ शिसपेन्सिलीचं ग्राफाइट तारेखाली घासलं तरी पुष्कळ फरक पडतो. तार खुंटीवर गुंडाळतानाही वेढे मोजके आणि एकाशेजारी एक ठेवा. सैल, एकावर एक चढलेले वेढे दर वेळी थोडे आवळतात, थोडे सुटतात.

जुनाडबा
अवांतर, पण राहवत नाही.

हा सगळा प्रकार सुरू झाला डॉक कॉफमन यांच्या व्हायब्रोला नावाच्या ट्रेमोलोपासून. त्याला १९३२ साली पेटंट मिळालं आणि तो रिकनबॅकरच्या गिटारींवर दिसायचा. त्याचा दांडा वर-खाली नाही, आडवा हलायचा, आणि सुरात परतायच्या बाबतीत त्याची कीर्ती काही चांगली नव्हती. गिटारवादक मर्ल ट्रॅव्हिस यांच्या गिब्सनवर असलाच एक होता. तो दुरुस्त करून दे म्हणून त्यांनी पॉल बिगस्बी यांच्याकडे नेला. बिगस्बी मूळचे मोटरसायकलवाले, धातूचं ओतकाम हातचा मळ. त्यांनी दुरुस्ती करत बसण्यापेक्षा स्वतःचाच ट्रेमोलो घडवला. त्या दांड्याची आणि ॲल्युमिनियमच्या ओतीव पायाची ठेवण आजही जवळपास तीच आहे. मोटरसायकलच्या सुट्या भागांत ठेवला तर वेगळा काढता येणार नाही. :-)

पुढे १९६६ मध्ये टेड मॅकार्टी यांनी बिगस्बीचा धंदा विकत घेतला, १९९९ मध्ये तो ग्रेचकडे गेला आणि २०१९ मध्ये फेंडरकडे. म्हणजे ज्यांनी स्वतःचा वेगळा ट्रेमोलो काढला, बिगस्बी शेवटी त्यांच्याच घरात. त्यातली आणखी गंमत म्हणजे हेच कॉफमन १९४५ साली लिओ फेंडर यांचे भागीदार होते, के अँड एफ नावाच्या कंपनीत.

पाचस्प्रिंग
फेंडरचा विषय निघालाच आहे तर माझाही प्रश्न याच धाग्यात घुसडतो. स्ट्रॅटोकास्टर घडणीची गिटार आहे, जुन्या पद्धतीचा सहा स्क्रूंचा ट्रेमोलो. नवीन प्लेट आणि ब्लॉक बसवायचा आहे. खरज ताईंची परीक्षा इथे लागू होते का?

खरज
अर्धी. १९५४ चा फेंडरचा ट्रेमोलो वेगळ्या विचाराचा आहे. त्यात सॅडल, प्लेट आणि खालचा लोखंडी ब्लॉक हे सगळं एकसंध हलतं, तारेचं टोकही त्या ब्लॉकमध्येच. त्यामुळे सॅडलवरून तार सरकण्याचा भाग फार थोडा. तार चढली तर नट, हे तसंच. पण सगळ्याच तारा मिळून उतरल्या किंवा चढल्या तर प्लेट जागेवर परत येत नाहीये, म्हणजे स्क्रूंपाशी बघायचं.

रंधा
बरोबर, आणि ते स्क्रू बहुतेक जण चुकीचे आवळतात.

प्लेट उलटी करून भोकं बघा. चांगल्या प्लेटमध्ये खालच्या बाजूने भोकांना उतार दिलेला असतो, त्यामुळे स्क्रूला टेकणारी कड सुरीसारखी पातळ राहते. प्लेट त्या कडेवर डोलते. सहाही स्क्रू गच्च आवळले तर ती डोलणार कुठे? ती लाकडावर दाबून बसते आणि दांडा हलवला की स्क्रूच्या मानेवर घासत उठते.

मी असं करतो. स्प्रिंग आणि तारा काढून प्लेट बॉडीवर सपाट ठेवायची. एक स्क्रू हळूहळू आवळत न्यायचा. एका क्षणी प्लेटची मागची बाजू किंचित उचलायला लागते. तिथे थांबून, ती पुन्हा सपाट बसेल इतपतच स्क्रू मागे घ्यायचा. असं बाहेरच्या दोन्ही स्क्रूंचं करायचं. मधले चार त्यांच्यापेक्षा थोडे वर ठेवायचे, ते फक्त सोबतीला. डोलण्याचं खरं काम बाहेरचे दोनच करतात. पुढे १९८० च्या दशकात फेंडरने दोन खांबांचा ट्रेमोलो काढला तो हेच ओळखून.

प्लेट विकत घेण्याआधी मोजपट्टी लावा. जुन्या फेंडर मापात बाहेरच्या दोन स्क्रूंच्या मध्यातलं अंतर २ ७/३२ इंच, म्हणजे ५६ मिमीच्या आसपास. स्वस्त आवृत्त्यांमध्ये ते बरेचदा ५२ मिमीच्या आसपास असतं. दिसायला दोन्ही प्लेटा सारख्याच, एकीची दुसरीच्या जागी बसत नाही. दांड्याच्या आट्याही बघा: अमेरिकन जुन्या मापात १०-३२, इतरांत मेट्रिक. चुकीचा दांडा जोर लावून फिरवला की ब्लॉकमधल्या आट्या कायमच्या गेल्या.

पाचस्प्रिंग
सोप्पं करून सांगितलंत, आभार. आता तरंगता ठेवू की बॉडीला टेकवून? आणि स्प्रिंग किती? माझ्या नावावरून कळलंच असेल, पाचही लावल्या आहेत.

रंधा
हा तराजू आहे. एका पारड्यात सहा तारांचा ताण, दुसऱ्यात मागच्या पोकळीतल्या स्प्रिंगांचा. नऊच्या किंवा दहाच्या तारांना (पहिली तार तेवढे हजारांश इंच जाड) तीन स्प्रिंगा सहसा पुरतात. पाच लावल्या तर दांडा जड होतो.

तरंगता ठेवायचा असेल तर प्लेटच्या मागच्या कडेखाली साधारण १/८ इंच, म्हणजे तीन मिमीची फट राहू द्या. ती पोकळीत स्प्रिंगा धरणाऱ्या पंजाचे दोन मोठे स्क्रू फिरवून मिळते. फिरवताना दर वेळी गिटार पुन्हा सुरात आणायची, मग फट मोजायची. आधी फट मोजून मग सूर लावलात तर फट बदललेली असेल आणि दिवसभर तेच करत बसाल. पंजाला काळी वायर डागलेली असते, ती ओढली जाऊन सुटत नाही ना तेही बघा. सुटली तर गिटार गुणगुणायला लागते.

तरंगत्या ट्रेमोलोचा तोटाही सांगून ठेवतो: एक तार तुटली की उरलेल्या पाचही चढतात. आणि एक तार बेंड केली की बाकीच्या किंचित उतरतात. ज्यांना डबलस्टॉप (दोन तारा एकत्र) वाजवायचे आहेत त्यांनी टेकवूनच ठेवावा असं माझं मत. हँक मार्विनचा नाजूक थरथराट हवा असेल तर मात्र तरंगवा.

चौथापट्टा
बरं, फ्लॉइडचं जाऊ दे. माझ्याकडे जॅझमास्टर घडणीची एक आहे. तिचा ब्रिज हलतो म्हणून त्याच्या पायांना टेप गुंडाळून घट्ट करायच्या विचारात आहे. यावर तरी आशीर्वाद द्या.

खरज
नाही देणार. :-) तो ब्रिज हलण्यासाठीच आहे. १९५८ च्या जॅझमास्टरमध्ये ब्रिजचे पाय टोकदार असतात आणि ते बॉडीतल्या कपांमध्ये उभे राहून झुलतात. दांडा दाबला की तारांबरोबर ब्रिजच थोडा पुढे झुकतो, सॅडलवरून तार घसरतच नाही. म्हणजे घर्षणावरचा उपायच तो. तुम्ही टेप लावून तो पक्का केलात तर तार घसरायला लागेल आणि मग म्हणाल की ट्रेमोलो वाईट. फक्त सुरात असताना ब्रिज कपाच्या मधोमध सरळ उभा आहे ना, ते बघा.

खरी अडचण दुसरी आहे. ही रचना आली तेव्हा लोक बाराच्या जाड, बहुधा फ्लॅटवाउंड (सपाट वेढ्यांच्या) तारा लावायचे. आता आपण नऊच्या लावतो. हलक्या तारांचा दाब सॅडलवर पुरत नाही, त्या खाचेतून उडतात, ब्रिज खुळखुळतो. तारा जाड करा, किंवा नेकच्या खाचेत पातळ पाचर घालून नेकचा कोन वाढवा आणि ब्रिज वर घ्या. मागे दाबपट्टी लावायचाही एक उपाय विकत मिळतो. दाब वाढतो खरा, पण तार आणखी एका जागी घासते.

आणि ते छोटं सरकतं बटण आहे ना, त्याचा उपयोग करून घ्या. सगळ्या तारा सुरात असताना बटण विनाअडथळा सरकेल असा मधला स्क्रू लावायचा. मग तार तुटली तर दांडा किंचित दाबा, बटण सरकवा, बाकीच्या तारा जागेवर. १९५८ मध्ये लिओंनी हे सुचवून ठेवलं होतं, आणि आज निम्म्या गिटारींवर ते बटण गंजून बसलेलं असतं.

सैलतार
धागा वर काढतो. नट एका कारागिराकडून नीट करून आणला. टिंग् गेला! बी७ आणि व्हायब्रामेटची पट्टी घेतली आहे, स्टॉप टेलपीसच्या मूळ बुशांमध्येच अडकते, लाकडाला एकही भोक नाही. तारा चढवताना मात्र दमछाक. तारेच्या टोकाची एक गोळी खिळ्यावर अडकवली की आधीची निसटते. आणि तारा काढल्या तेव्हा दांड्याखालची स्प्रिंग टुणकन उडून कपाटाखाली.

आणखी एक: आता तारांना हात लावला की गुणगुण थांबायची ती थांबत नाही, उलट बारीक वाढते. हे कशामुळे?

रंधा
अर्थिंग तुटलं. लेस पॉल घडणीत जमिनीची वायर बहुधा स्टॉप टेलपीसच्या एका बुशाला टेकवलेली असते. तुमची पट्टी त्याच बुशात आहे, म्हणजे वाट आहे, पण मधे कुठेतरी धातू धातूला भिडत नाहीये. पट्टीवर किंवा बिगस्बीवर लॅकर, पॉलिश असलं तरी एवढं पुरतं. मल्टिमीटरचं एक टोक जॅकच्या बाहेरच्या कड्याला, दुसरं तारेला. मग तिथून एकेक भाग मागे तपासत या: तार, दंडगोल, पाया, पट्टी, बुश. बीप जिथे थांबतो तिथे. दिसणार नाही अशा जागी खालच्या बाजूने पॉलिश पेपर मारा.

खरज
तारा चढवायची युक्ती: तार आधी हातात घेऊन गोळीलगतचं टोक नाकाड्या पकडीने किंवा पेन्सिलीभोवती अर्धगोल वाकवा. गोळी खिळ्यावर घातली की दंडगोलाखाली स्पंजचा तुकडा खुपसा, तो तारेला धरून ठेवतो. मग खुंटीकडे जा, ताण बसला की स्पंज काढा. सगळ्या तारा एकदम काढू नका, एकेक बदला, म्हणजे स्प्रिंगही उडणार नाही.

सैलतार
बीप पट्टी आणि पायाच्या मधे थांबत होता. घासलं, गुणगुण गेली. _/\_ ताईंची परीक्षाही केली. नटकडून काहीच नाही, पण पाचवी आणि सहावी दांडा सोडल्यावर हलकीशी उतरतात. म्हणजे सॅडल. रोलर ब्रिज घेऊ?

रंधा
मी तर घेईन. बी७ ला पुढे दाबपट्टी असते, तार तिच्याखालून जाऊन सॅडलवर बऱ्यापैकी तिरकी चढते. कोन जास्त म्हणजे घर्षण जास्त. रोलर असला की प्रश्न मिटला.

खरज
मी नाही घेणार, निदान लगेच नाही. स्वस्त रोलर एक तर फिरत नाहीत नाहीतर खुळखुळतात, आणि जुन्या ब्रिजचा आवाज बदलतो तो वेगळाच. फक्त जाड तारा उतरतात म्हणजे त्यांच्या वेढ्यांचे कंगोरे सॅडलच्या धारेवर अडकताहेत. त्या दोन सॅडलच्या खाचा बघा, धारदार असतील. १००० नंबरचा पॉलिश पेपर जुन्या तारेभोवती गुंडाळून तीन-चार वेळा ओढा, खाच गुळगुळीत करा, खोल नाही. ग्राफाइट लावा. पुन्हा दांडा दाबून बघा. तरीही उतरल्या तर रंधांचं ऐका.

सैलतार
आधी पेपर. बघून सांगतो.

चौथापट्टा
टेप लावली नाही. ब्रिज हलतोय, गिटार सुरात. फ्लॉइडबद्दल मात्र माझं मत कायम.